परिवारातल्या एका फ्रिजधारकाचं जाहीर पत्र

टीम कस्टमर डिलाइट यांस,

मायना काय घालावा यावर घरात बराच खल झाला. तुम्ही दर संदेशात आम्हाला 'आमच्या परिवारातले' म्हणता, पण नातं नेमकं कोणतं ते कधी सांगितलं नाहीत. वडीलधारे समजावं, तर 'हॅलो डिअर' अशी हाक मारता. धाकटे समजावं, तर फोनवर आम्हालाच ताटकळत ठेवता. शेवटी सौ. म्हणाली, "सरळ आशीर्वाद लिहा, त्यांना हमीची मुदत नसते." तेव्हा अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या मायेबद्दल आमची तक्रार नाही. फ्रिज घेताना दुकानात मोबाइल नंबर विचारला, तो बिलासाठी असावा असं वाटलं होतं. त्यातून सोयरीक जुळली हे मागाहून कळलं. तेव्हापासून तुमचा एकही सण चुकला नाही. गुढीपाडव्याला गुढीचं चित्र आलं. तिच्यावर कलश चक्क सुलटा होता, म्हणजे उन्हाळ्यात पाणी भरून ठेवायचीही सोय. सर्वपित्री अमावास्येला हार्दिक शुभेच्छा आल्या, सोबत रंगीत फुगे. आमच्या पितरांना फुगे प्रथमच मिळाले. मेमधल्या मातृदिनाला 'आईच्या मायेचा गारवा' असं पोस्टर आलं. ते आलं तेव्हा आमची आई दुधाचं पातेलं आणि आमरसाचा डबा घेऊन शेजाऱ्यांच्या फ्रिजकडे निघाली होती, कारण तुमचा गारवा आदल्या रात्रीच संपला होता.

त्याच पोस्टरखाली मी फ्रिज कोणता, केव्हा बंद पडला, आमरसाचं काय झालं, सगळं लिहिलं आणि शेवटी म्हटलं, 'फ्रिज बंद पडला आहे, कोणीतरी पाहायला या.' तुमचं उत्तर लगेच आलं हे मान्य केलं पाहिजे. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया डीएम करा', आणि पुढे एक निळं हृदय. डीएम केला. 'आर.' यांनी मॉडेल नंबर मागितला, दिला. बिलाचा फोटो मागितला, दिला. मग 'आर.' गेले आणि 'पी.' आले. त्यांनी मॉडेल नंबर मागितला. 'पी.' गेले, 'एस. के.' आले आणि म्हणाले, "आपली अडचण समजून घ्यायला आम्हाला आवडेल." इतक्या जणांना आमची अडचण समजून घ्यायला आवडली, पण समजल्यावर पुढे काय करायचं हे त्यांतल्या एकालाही कोणी सांगितलेलं नव्हतं. अखेर आम्हाला एक प्रश्न आला: या संवादाला आपण किती तारे द्याल?

मधल्या काळात तुमच्या नावाने एक फोन मात्र आला. पलीकडचा तरुण मला काका म्हणाला. फ्रिज कोणता, केव्हा बंद पडला, आमरसाचं काय झालं, सगळं त्याला ठाऊक होतं. मग तो म्हणाला, "काका, एक ॲप उतरवून घ्या, म्हणजे तुमची स्क्रीन मला दिसेल, आणि नोंदणीचे दहा रुपये भरा." मी फोन ठेवला आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर कळवलं. ग्राहकाने कंपनीच्या पानावर उघड तक्रार केली की तिथे टपून बसलेले भामटे कस्टमर केअर म्हणून फोन करतात, हा धंदा आता जुना झाला आहे. खंत एवढीच, की तुमचं नाव घेणाऱ्यांत आमची तक्रार शेवटपर्यंत वाचलेला तो एकटाच निघाला.

फ्रिज शेवटी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने दुरुस्त केला. त्याने आम्हाला आजवर दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा पाठवलेल्या नाहीत. व्हॉट्सॲपवर त्याचा निरोप आला: 'मेमध्ये गर्दी आहे. गुरुवारी येतो.' गुरुवारी आला. जळालेल्या रिलेचा फोटो काढून पाठवला, खाली किंमत लिहिली आणि म्हणाला, "कंप्रेसर ठणठणीत आहे, कोणी बदलायला सांगितला तर ऐकू नका. कंपनीची दहा वर्षांची हमी कंप्रेसरची, रिलेची नाही. रिलेची हमी वर्षभराचीच होती." आर., पी. आणि एस. के. या तिघांपैकी एकाने हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी कुरकुर केली असती, पैसे भरले असते आणि तुमचं नाव चांगलं घेतलं असतं. 'नाही' ऐकून ग्राहक तुटत नाही हो. वेळेवर ऐकायला मिळालं नाही की तुटतो.

समाजमाध्यमांतून नातं जुळतच नाही, असं म्हणणारा मी म्हातारा नव्हे. सुरेश प्रभू २०१४ ते २०१७ या काळात रेल्वेमंत्री होते तेव्हाचं आठवा. धावत्या गाडीतून कोणी ट्विटरवर बाळासाठी दूध मागायचं आणि पुढच्या स्थानकावर रेल्वेचा माणूस दूध घेऊन उभा असायचा. तिथे निळी हृदयं नव्हती. संदेश वाचणाऱ्या माणसामागे विभागीय कार्यालय होतं, आणि त्या कार्यालयाला स्थानकावर माणूस पाठवण्याचा अधिकार होता. तुमच्याकडे संदेश वाचणारा आहे, त्याची भाषाही साखरेत घोळलेली आहे; त्याच्यामागे मात्र भिंत आहे.

भिंतीचं काय होतं तेही जगजाहीर आहे. डेव्ह कॅरल हा कॅनडाचा गायक २००८ साली युनायटेड एअरलाइन्सने प्रवास करत होता. शिकागोच्या विमानतळावर सामान हाताळताना त्याची टेलर गिटार मोडली. दुरुस्तीला सुमारे १,२०० डॉलर लागले. नऊ महिने तो या खात्यातून त्या खात्यात फिरला आणि शेवटी नकार घेऊन परतला. जुलै २००९मध्ये त्याने त्यावर गाणं रचून यूट्यूबवर टाकलं, ते लाखो लोकांनी पाहिलं, आणि मग कंपनीला एकाएकी भरपाई सुचली. तुमच्या कार्यशाळांत ही गोष्ट 'व्हायरल होण्याआधी सावरा' असा धडा म्हणून सांगत असतील. आम्ही ग्राहक त्यातून दुसरंच शिकतो: दाद हवी तर गाता आलं पाहिजे. मला गाता येत नाही, आणि माझे फॉलोअर म्हणजे माझे भाचे. मग आमच्यासारख्यांनी कुठे जायचं? ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, ग्राहक आयोग आहे. पण नातेवाइकांना तिथे खेचणं बरं दिसत नाही.

म्हणून घरातल्यासारखा सल्ला देतो. रिट्झ-कार्लटन हॉटेलांत कर्मचाऱ्याला पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी २,००० डॉलरपर्यंतचा खर्च वरिष्ठांना न विचारता करता येतो, ही त्यांची प्रसिद्ध रीत आहे. आमची मागणी रिलेएवढी आहे. आर., पी. आणि एस. के. यांना थोडी रक्कम स्वतःच्या जबाबदारीवर खर्चू द्या. 'हे हमीत बसत नाही' असं स्वच्छ सांगू द्या. एका तक्रारीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच माणूस ठेवा, आणि पगार देताना त्याने किती संदेशांना उत्तर दिलं यापेक्षा किती फ्रिज सुरू झाले ते मोजा. त्या मुलांचा यात दोष नाही. दिवसभर परक्यांची क्षमा मागायची आणि हातात काही नाही, ही नोकरी वैऱ्यालाही नको. पैसे कुठून आणायचे असा प्रश्न पडला, तर सर्वपित्रीचे फुगे बंद करा.

कळावे.

आपला परिवारातला,
एक फ्रिजधारक

ता. क. तुमच्या संदेशाखाली 'नको असल्यास स्टॉप लिहा' असं असतं. लिहिलं. 'तुम्हाला जाताना पाहून वाईट वाटतं' असं उत्तर आलं आणि दुसऱ्या दिवशी निराळ्या नंबरवरून एसीची जाहिरात आली. एसी खरोखरच घ्यायचा आहे. कोणत्या कंपनीचा, ते मेकॅनिकला विचारलं आहे.