कोंडी सुटेना
प्रो कबड्डीतल्या यू मुंबाची गत महामार्गावरच्या माणगावकराला समजावून सांगावी लागत नाही, तशीच वाहतूक कोंडी तो रोज दारातून बघतो. २०१४ला उपविजेते, २०१५ला विजेते, २०१६ला पुन्हा उपविजेते. काय सुसाट निघाली होती गाडी! मग जी कोंडी लागली ती लागलीच. २०२४च्या हंगामात साखळीत पाचवे आले, तर एलिमिनेटरला पाटण्याने पकड केली, तीही आपल्याच बालेवाडीत. धड शिव्या घालाव्यात असं नाही, धड फटाके फोडावेत असंही नाही. मातीतली कबड्डी खेळलेले आमचे काका चहा फुंकत म्हणाले, "बोनस घेऊन परत येतात रे, गडी कोण मारणार?" मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११पासून चाललंय. त्या हिशेबाने, २०१५च्या विजेतेपदापासून मोजलं तर, मुंबाला अजून चार वर्षं सवलत.