बोट आणि बोट

मुंबईहून गोव्याला शिडाच्या बोटीने जायचं ठरलं, तेव्हा कप्तानांनी (मूळचे बँकेतले; बोट त्यांची म्हणून कप्तान) आम्हाला धीर दिला तो असा: 1998 साली एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत व्हिक्टर याझिकोव्ह या रशियन खलाशाचं कोपर पिकलं. भर दक्षिण अटलांटिकात त्याने ते आपल्याच हाताने फाडलं. कुठे नि कसं कापायचं, ते बोस्टनच्या एका डॉक्टरांनी ईमेलने कळवलं होतं. "आपल्याकडे तर डॉक्टर बोटीवरच आहेत!" कप्तान म्हणाले.

डॉक्टर दातांचे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी जयगड मागे पडलं आणि वारा मेला. मतलई संपलेला, खारा अजून उठायचा होता. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबायला लागलं. इंजिन लावलं, तर दहा मिनिटांत त्याने भोंगा काढला. एरवी मागच्या नळीतून समुद्राचं पाणी पिचकाऱ्या मारत बाहेर पडतं. आता नुसतीच वाफ. इंजिन बंद केल्यावर बोटीखालून एक प्लास्टिकची पिशवी तरंगत वर आली. तिच्यावर साड्यांच्या सेलची जाहिरात होती. पाणी ओढायच्या भोकावर ती चिकटली होती, आणि तोवर पंप कोरडा फिरून त्यातल्या रबरी चक्राचा, म्हणजे इम्पेलरचा, निकाल लागला होता.

सुटा इम्पेलर होता, पण माझ्या बिछान्याखाली, कांद्यांच्या पोत्याखाली. कप्तान तिथे उकरत असताना मी वेळ घालवायला गळ टाकला. मासा लागला. डॉक्टर हर्षभराने धावले, "थांबा, तोंडातून काढायचं काम माझं!" म्हणाले आणि किंचाळले. शिंगाळा होता. त्याचा काटा त्यांच्या उजव्या तर्जनीत गेला. बोट बघता बघता भेंडीचं वांगं झालं.

कप्तानांनी रेडिओ उचलला. जिवावर बेतलं तर 'मेडे', त्याच्या एक पायरी खाली 'पॅन-पॅन', तेही तीनदा. चॅनेल सोळावर कप्तान ओरडले, "पॅन-पॅन, पॅन-पॅन, पॅन-पॅन!"

"पान नाय," जवळच्या ट्रॉलरवरून उत्तर आलं. "तंबाकू हाय."

"अहो, बोट सुजलंय!"

"बोट सुजली? बुडाली म्हना!"

शेवटी ट्रॉलर शेजारी आला. तांडेलाने वरूनच हात पाहिला. "शिंगाल्यान मारलान? कढत पान्यात घाला. सोसल इतक्याच." डॉक्टर कण्हत म्हणाले, बरोबर आहे, हे विष प्रथिनांचं, उष्णतेने मोडतं. कॉलेजात शिकवलं असावं. पण दातांच्या धंद्यात शिंगाळे येतात कुठे? चहाचं आधण त्यांच्या वाटेला गेलं. पातेल्यात बोट बुडवून ते तासभर बसले, आणि दर पाच मिनिटांनी "गरम वाढा" म्हणू लागले.

म्हणजे इंजिनाचं ऑपरेशन माझ्या गळ्यात आलं. डॉक्टरांनी डाव्या हाताने त्यांची पक्कड दिली. (ती सुट्टीतही त्यांच्या पिशवीत का असते, हे मी विचारलं नाही.)

"नीट धरा. हिसका नाही. आधी हलवून सैल करा… अक्कलदाढेसारखं."

इम्पेलर निघाला. सहांपैकी दोन पाकळ्या नव्हत्या.

"तुकडे मोजा!" डॉक्टर गरजले. "आत राहिले तर पुढे ठणकणार!"

हे मात्र अगदी खरं. तुकडे पुढे जाऊन पाण्याची वाट अडवतात. एक पंपातच सापडला. दुसरा मिळवायला पुढचा पाइप सोडवावा लागला, त्यात माझ्या कोपराची साल गेली आणि याझिकोव्हबद्दल आदर वाढला. नवा इम्पेलर भांड्यांच्या साबणाने बुळबुळीत करून, पाकळ्या फिरण्याच्या उलट दिशेला वळवून आत बसवला.

कप्तानांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं, आणि मागच्या नळीने घाण पाण्याची एक मोठी पिचकारी समुद्रात टाकली.

पातेल्यातलं बोट न हलवता डॉक्टर म्हणाले, "छान. आता चूळ भरा."