टपाल आलं आणि डार्विनांचं तोंडच उतरलं

अहो, ऐकलंत का? त्या डाऊन गावातल्या डार्विनांकडे पत्र आलं म्हणे. आणि कुठून, तर थेट तेर्नातेहून! तिकडे पूर्वेला, लवंगांची बेटं आहेत ना, तिथून. १८ जून १८५८ ला आलं, असं ते स्वतःच सांगतात. पाठवणारा आपला आल्फ्रेड वॉलेस. फुलपाखरं आणि भुंगे पकडून विकतो बघा, तोच. सोबत एक लेख. यांनी तो वाचायला घेतला मात्र, चेहरा असा खर्रकन उतरला म्हणता! वीस वर्षं जे उराशी धरून बसले होते, ते त्या पोराने तापातून उठून दोन संध्याकाळींत लिहून काढलेलं. जगायची चुरस, तगेल तो राहील, त्यातून नवी जात... सगळं तेच! बरं, बिचाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नाही. बरं वाटलं तर त्या भूगर्भवाल्या लायेलसाहेबांना दाखवा, एवढीच विनंती.

आणि लायेलसाहेबांनी तर दोन वर्षं आधीच बजावलं होतं हो. म्हणाले होते, तुमचं काय ते छापून टाका, नाहीतर दुसरा कोणी पुढे जाईल. आता काय तोंडाने सांगायचं त्यांना? पण सांगितलं. माझं सगळं मुसळ केरात, अशा अर्थाचं पत्र गेलं त्याच दिवशी.

तुम्ही म्हणाल, वीस वर्षं हे गृहस्थ करत काय होते? अहो, भीती! आणि ती काय उगाच नव्हती. त्यांचे आजोबा आठवतात ना, लिचफिल्डचे इरॅस्मस डॉक्टर? त्यांनी आपल्या घोडागाडीवर लॅटिनमध्ये रंगवून घेतलं होतं, सगळं शिंपल्यांतूनच आलं म्हणून. शेजारी कोण, तर कॅनन सीवर्ड, चर्चचा माणूस. त्याने लगेच टवाळीच्या कविता रचल्या. पेशंट तुटायचे या धास्तीने डॉक्टरांनी मुकाट्याने त्यावर रंग फासला. ज्या घरात असं घडलंय, त्या घरचा नातू जपूनच बोलणार की नाही?

शिवाय घरात एमावहिनी. सख्ख्या मामाची मुलगी बरं का, वेजवुडांची, त्या चिनीमातीच्या भांड्यांवाल्यांची. लग्नाआधी या माणसाने कागदावर दोन रकाने पाडले होते, लग्न करावं आणि करू नये. करू नये त्यात काय, तर पुस्तकांना पैसे उरणार नाहीत आणि नातेवाइकांकडे जावं लागेल. करावं त्यात, म्हातारपणी सोबत, कुत्र्यापेक्षा तर नक्कीच बरी! हो, लिहिलंय तसं. वहिनींनी तो कागद पाहिला असता तर... जाऊ दे. २९ जानेवारी १८३९ ला लग्न लागलं.

वडिलांनी कानमंत्र दिला होता, तुझ्या मनातल्या धर्माबद्दलच्या शंका बायकोपाशी बोलू नकोस. पण हे बोलले! वहिनी पडल्या देवभोळ्या. त्यांनी समोर बसून वाद घातला नाही, चिठ्ठी लिहिली. मेल्यानंतर आपण दोघं कायमचे एकत्र नसलो तर, ही त्यांची धास्ती. आणि ती चिठ्ठी यांनी जन्मभर जपली हो. खाली स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं, हिची किती वेळा पापी घेतली आणि किती वेळा रडलो म्हणून. मला तर हे ऐकून कसंसंच झालं.

तर काय सांगत होते, हं, १८४४. त्या साली यांनी सगळं एका मोठ्या निबंधात लिहून काढलं आणि पाकीट ठेवलं वहिनींच्या नावाने. मी अचानक गेलो तर चारशे पौंड खर्चून हे छापून घे. म्हणजे बघा, जे वाचून बाईच्या जिवाला घोर लागायचा, ते छापायचं तिनेच! त्याच वर्षी दोस्ताला, त्या वनस्पतीवाल्या हूकरला, हळूच कळवलं की प्राणी-वनस्पतींच्या जाती काही कायमच्या ठरलेल्या नसतात असं वाटू लागलंय. आणि वर, हे सांगताना खून कबूल केल्यासारखं वाटतंय म्हणे.

आणि नेमकं त्याच साली ते निनावी पुस्तक आलं, व्हेस्टिजेस. तेच, सगळी सृष्टी हळूहळू घडत गेली म्हणणारं. गावभर एकच चर्चा, लिहिलं कोणी? प्रिन्स अल्बर्टपर्यंत संशय गेला! आणि डार्विनांचे जुने गुरुजी सेजविक तर म्हणाले, हे बाईचंच लिखाण असणार, विचार न करता उड्या मारल्यात. ऐकलंत? लिहिणारा होता एडिंबरोचा रॉबर्ट चेंबर्स, चांगला दाढीमिशीचा प्रकाशक. पण नाव छापलं गेलं १८८४ मध्ये, तो जाऊन तेरा वर्षं झाल्यावर. डार्विनांनी त्या पुस्तकाची झालेली धुलाई पाहिली आणि निबंध ठेवला कुलपात.

मग धरले ते बार्नॅकल. होड्यांच्या बुडाला चिकटतात ना, ते. किती वर्षं म्हणता? आठ! घरभर बाटल्या आणि सूक्ष्मदर्शक. पोरांना वाटायचं, सगळ्यांचे बाबा हेच करतात. एक पोर शेजाऱ्यांकडे गेलं तर विचारतं कसं, तुमचे बाबा बार्नॅकल कुठे बसून करतात? शेजारीण काय म्हणाली कोण जाणे...

असो. तर वॉलेसचं ते पत्र आलं, आणि घरात स्कार्लेट फीवर. दीड वर्षाचं तान्हं, धाकटा चार्ल्स, २८ जूनला गेलं. अशा वेळी कसला लेख नि कसलं काय. यांनी सगळं लायेल आणि हूकर यांच्यावर सोपवलं. त्या दोघांनी १ जुलैला शास्त्रज्ञांच्या त्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस दोघांचंही वाचायचं ठरवलं. आधी डार्विनांचा जुना निबंध आणि एक पत्र, मग वॉलेसचा लेख. वॉलेसला विचारलं का? छे! तो दूर बेटांवर, पत्राला महिने लागतात. सगळे म्हणतात, न्याय्य झालं. असेल बाई. पण मला विचाराल तर, वजनदार दोस्त हाताशी असले की नंबर पुढेच लागतो. पहिलं नाव कोणाचं, हे ठरवणारे दोघेही डार्विनांचेच!

सभेला तीसेक माणसं. कोणी हू की चू केलं नाही. आणि अध्यक्ष बेल महाशय वर्ष संपल्यावर सांगतात काय, तर यंदा काही उलथापालथ करणारा शोध वगैरे लागला नाही! मी हसून हसून... आणि तो वॉलेस! कळल्यावर रागावला असेल म्हणता? आईला खुशीत पत्र लिहिलं, की थोरामोठ्यांशी ओळख होणार आता. अशी माणसं भेटत नाहीत हो.

मग काय, डार्विनांना पुस्तक काढावंच लागलं. प्रकाशक मरे यांनी हस्तलिखित कोणा एल्विन नावाच्या पाद्रीबुवांना दाखवलं. ते म्हणाले, हे सगळं राहू दे, नुसतं कबुतरांवर लिहा, कबुतरं सगळ्यांना आवडतात! नशीब ऐकलं नाही. २४ नोव्हेंबर १८५९, साडेबाराशे प्रती, आणि दुकानदारांनी सगळ्या उचलल्या.

त्या पुस्तकावरून ऑक्सफर्डच्या सभेत झालेलं भांडण तर तुम्हाला पाठच असेल. बिशप विल्बरफोर्सने डार्विनांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या हक्सलीला विचारलं म्हणे, माकडाशी नातं आजोबांकडून की आजीकडून? नेमके शब्द जो तो वेगळे सांगतो. मला आपलं फिट्झरॉय कॅप्टनचं वाईट वाटतं. एके काळी डार्विनांच्या नाकाचा आकार बघून त्यांना आपल्या जहाजावर घेऊ की नको म्हणत होता तो, तोच बायबल हातात धरून उभा राहिला सभेत. आणि डार्विन? पोट धरून पाण्याचे उपचार घेत होते, दुसरीकडेच.

त्यात ते पॅट्रिक मॅथ्यू उगवले. म्हणे, ही नैसर्गिक निवड मी १८३१ मध्येच सांगितली. कुठे, तर जहाजाच्या लाकडावरच्या पुस्तकात, तेही परिशिष्टात! डार्विनांनी सभ्यपणे मान्य केलं हो, पण तिथे कोण शोधायला जाणार?

वॉलेसचे मात्र पुढे हाल झाले. पैसा टिकेना. १८७० मध्ये एका पृथ्वी-सपाट-वाल्याची पैज घेतली पाचशे पौंडांची, कालव्यावर पृथ्वी गोल असल्याचं दाखवून दिलं, तर तो हॅम्पडन वर्षानुवर्षं हात धुऊन मागे लागला. वॉलेसच्या बायकोला पत्र, तुमच्या नवऱ्याचं डोकं फोडीन! वर वॉलेसला प्लँचेटचा नाद, मेलेल्यांशी बोलणं. माणसाचं मन काही नुसत्या निवडीने घडलं नाही, असंही म्हणू लागला. डार्विनांचा जीव तीळतीळ तुटला.

तरी डार्विनांनीच खटपट केली बरं का, सरकारकडून पेन्शन मिळावं म्हणून. हूकरकडे गेले, तर तो फणकारला. प्लँचेटवाल्याला कसलं पेन्शन, आणि वर ती पैज! यांनी विषय सोडला. पण पुन्हा काढला, सह्या जमवल्या, थेट पंतप्रधान ग्लॅडस्टनकडे अर्ज. १८८१ मध्ये वर्षाला दोनशे पौंड मंजूर झाले. आणि अर्जावर सही कोणाकोणाची होती, सांगू? हूकरची पण!