दरवर्षीचा अधिक महिना

अहो वहिनी, जरा इकडे कुंपणाशी या. कढीपत्ता मी देते तोडून, आधी हे ऐका.

काल आमच्या ह्यांनी गेल्या वर्षीचं कालनिर्णय रद्दीत टाकायला काढलं. त्यावर माझं सगळं असतं. दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर कधी लावला आणि मोबाइलच्या रिचार्जला लाल गोल. सहज गोल मोजले, तर तेरा! म्हटलं, एखादा दोनदा मारला असेन. तर नाही. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात तेरा बसतात, तेरा गुणिले २८ म्हणजे ३६४. आपला अधिक महिना तीन वर्षांतून एकदा. २०२३ला दोन श्रावण आले तेव्हा जावयाला अनारशांचं वाण दिलं, त्याचं कौतुक तरी झालं. कंपनीचा अधिक महिना दरवर्षी, आणि वाण २९९ रुपयांचं, गुपचूप.

हसू नका, तुमचेही तेराच निघतील. ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२ साली कंपन्यांना सांगितलंय, निदान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेचा. माझ्या अ‍ॅपमध्ये ३० दिवसांचा पार तळाशी सापडला. पण ३० दिवस दिसले म्हणून लगेच झडप घालायची नाही हं. रुपयांना दिवसांनी भागायचं. पाव किलोचा भाव आपण मंडईत किलोवर नेतोच की! माझे पडतात दिवसाला १० रुपये ६८ पैसे.

आणि परवा तुमच्या नातवाच्या बारशाचा व्हिडिओ रात्री नुसता गोल गोल फिरत होता ना? फोन बिघडलेला नाही. रोजचं दीड जीबी संपलं की नेट बंद होत नाही, सुतासारखी धार उरते, ६४ केबीपीएस. भाच्याने हिशोब करून दाखवला, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. दोन एमबीचा एक फोटो यायला चार मिनिटांच्या वर! रात्री बाराला पुन्हा नवं दीड जीबी, पण आजचं उरलेलं उद्या मिळत नाही. नळाचं पाणी निदान पिंपात भरून ठेवता येतं.

संपवतं कोण? सुप्रभातची फुलं! आपण उघडलीही नाहीत तरी फोनमध्ये उतरून बसतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं मी बंद करून टाकलं. यूट्यूबची क्वालिटीही ३६०वर आणली. पुरणपोळी तिथेही टम्म फुगलेली दिसते.

पलीकडचे काका माहितीयत ना? घरात वायफाय, दिवसभर घरात, आणि मोबाइलला रोज अडीच जीबी! बाहेर पडतात ते बागेपर्यंत. बागेत एवढं काय बघतात, काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "मलाही तेच कळायचंय."

तुमच्या सासूबाईंचं मात्र मला वाईट वाटतं. बटणांचा फोन, मुलीशी बोलण्यापलीकडे वापर नाही, आणि त्यावर तुम्ही रोजच्या डेटाचं रिचार्ज मारताय! ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये नुसत्या बोलण्या-एसएमएसचे पॅक ठेवायला लावलेत कंपन्यांना. ८४ दिवसांचे मिळतात, वर्षाचेही मिळतात. दुकानदार आपणहून सांगायचा नाही, तोंड उघडून मागायला लागतं.

हा घ्या कढीपत्ता. फोडणी नंतर घाला, आधी घरातून तुमचं कॅलेंडर घेऊन या.