आधी मैदान, मग संघ

शहाण्या माणसाला फुटबॉल क्लब काढायचा झाला तर तो आधी अकरा माणसं जमवतो, मग चेंडू आणतो आणि जागेचं सगळ्यात शेवटी बघतो. असे क्लब गल्लीबाहेर फारसे जात नाहीत. लंडनच्या गस मिअर्स या गृहस्थांनी उलटी रीत पाळली. १९०४ साली त्यांनी आधी स्टॅमफर्ड ब्रिजचं मैदान ताब्यात घेतलं, त्यावर भव्य स्टँड उभारायचं मनावर घेतलं आणि मग शेजारच्या फुलम क्लबाला विचारलं, की खेळायला येता का? भाड्यावरून बोलणी फिसकटली आणि फुलमने नकार कळवला. मैदान आहे, पण खेळायला कोणी नाही. अशा वेळी आपल्याकडे जागा लग्नकार्याला देतात. मिअर्सनी १९०५ मध्ये मैदानाला शोभेल असा एक संघ काढला. मैदान फुलम भागात, पण फुलम हे नाव फुलमवाल्यांनी आधीच अडवून ठेवलेलं. तेव्हा शेजारच्या वस्तीचं नाव लावलं : चेल्सी. हा क्लब पुढे दोनदा युरोपचा विजेता झाला. फुलमकरांनी त्या दिवशी भाड्यात बचत केली, हेही नोंदवून ठेवायला हवं.

घरमालक आणि भाडेकरू यांच्या भांडणाचे इंग्लिश फुटबॉलवर एकूणच फार उपकार आहेत. लिव्हरपूल शहरातलं ॲनफील्ड हे मैदान मुळात एव्हर्टनचं. तिथे खेळून एव्हर्टनने १८९१ मध्ये लीगही जिंकली. मैदानाचा कारभार जॉन हौल्डिंग या बिअरच्या कारखानदाराकडे होता. भाडं, मालकी, बिअर विकण्याचा हक्क अशा उदात्त प्रश्नांवरून १८९२ मध्ये बिनसलं आणि एव्हर्टनचे सभासद बिऱ्हाड उचलून स्टॅनली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कला गेले. हौल्डिंगच्या हाती रिकामं मैदान उरलं. त्यांनी आधी ‘खरं एव्हर्टन ते आम्हीच’ असा दावा करून पाहिला. तो फेटाळला गेला, तेव्हा नाइलाजाने त्यांनी आपल्या उरल्यासुरल्या क्लबाला लिव्हरपूल हे नाव दिलं. भाडेकरूला धडा शिकवण्यासाठी काढलेल्या या संस्थेने आजवर वीस वेळा लीग जिंकली आहे. एखाद्या समजूतदार मध्यस्थाने तेव्हा दोघांना चहाला बोलावून भाड्याचा आकडा मध्ये तोडला असता, तर जगाचं केवढं नुकसान झालं असतं!

पत्त्यांच्या बाबतीतही या मंडळींनी सामान्य माणसाच्या अपेक्षांना भीक घातलेली नाही. नॉट्स काउंटीच्या नावात जिल्हा आहे, आणि मैदान नॉटिंगहॅम शहरात. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या नावात शहर आहे, आणि मैदान ट्रेंट नदीपलीकडे शहराच्या हद्दीबाहेर. ग्रिम्सबी टाउनचं मैदान ग्रिम्सबीत नसून क्लीथॉर्प्समध्ये आहे, त्यामुळे हा संघ घरच्या मैदानावर खेळतो तेव्हाही परगावीच असतो. सगळ्यांवर कडी केली चेस्टरने. त्यांच्या डेव्हा स्टेडियममधून इंग्लंड आणि वेल्स यांची सीमारेषा जाते. क्लबाचं कार्यालय इंग्लंडमध्ये, चेंडू वेल्समध्ये. कोणाला त्रास नव्हता. २०२१ च्या नाताळात करोनामुळे वेल्सच्या सरकारने सामन्यांना प्रेक्षक येऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं, इंग्लंडच्या सरकारने ठरवलं नाही, आणि चेस्टरने नेहमीप्रमाणे हजारोंच्या साक्षीने सामने खेळले. तेव्हा कुठे पोलिसांना नकाशा उघडून बघावासा वाटला.

पण इंग्लिश फुटबॉलचा खरा कारभार कोण चालवतं, असं मला कोणी विचारलं तर मी कुत्र्यांचं नाव घेईन.

चेल्सीचंच पाहा. मैदान घेतल्यावर मिअर्सचं मन डळमळलं आणि जागा रेल्वे कंपनीला विकून मोकळं व्हावं असं त्यांना वाटू लागलं. फुटबॉलचा आग्रह धरणारे त्यांचे सहकारी फ्रेड पार्कर त्यांच्याबरोबर चालत असताना मिअर्सच्या कुत्र्याने पार्करच्या पायाचा लचका तोडला. पार्करनी आरडाओरड केली नाही, गंमतच वाटल्यासारखं केलं. ज्याला कुत्रा चावल्यावर राग येत नाही त्याच्या सल्ल्यावर विसंबायला हरकत नाही, असा मिअर्सनी निष्कर्ष काढला आणि जागा विकायचं रद्द केलं. ही हकिकत खुद्द पार्करनी सांगितलेली आहे. माणसं निवडण्याची याहून चोख परीक्षा माझ्या ऐकिवात नाही.

मँचेस्टरमध्ये रेल्वेच्या कामगारांनी काढलेल्या न्यूटन हीथ या क्लबाचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुत्रं खाणार नाही असे हाल झाले होते. कर्जबाजारी, दिवाळं निघण्याच्या बेतात. पैसे उभे करायला १९०१ मध्ये एक बाजार भरवला. कप्तान हॅरी स्टॅफर्ड यांनी तिथे आपला मेजर नावाचा सेंट बर्नार्ड कुत्रा गळ्यात देणगीची पेटी अडकवून सोडला. कुत्रा पेटीसकट बेपत्ता झाला. तो फिरत फिरत जॉन हेन्री डेव्हिस या दारूच्या कारखानदाराकडे पोहोचला आणि त्यांच्या मुलीला आवडला. स्टॅफर्ड कुत्र्याचा शोध घेत गेले ते कुत्रा देऊन आणि क्लबासाठी मालक घेऊन परत आले. १९०२ मध्ये डेव्हिस आणि मंडळींच्या पैशावर क्लबाचं नाव मँचेस्टर युनायटेड झालं. म्हणजे हाल खाल्ले ते शेवटी कुत्र्यानेच. पुढे या क्लबाच्या मालकांनी अर्थशास्त्राचे नाना प्रयोग केले, पण भटक्या कुत्र्याइतका परतावा देणारी गुंतवणूक त्यांना पुन्हा सापडल्याचं दिसत नाही.

आणि तिसरा ब्रिन. हा टॉर्की गावच्या पोलिसांचा अल्सेशियन. ९ मे १९८७, हंगामाचा शेवटचा दिवस. चौथ्या विभागाच्या तळाला असलेल्या संघाला लीगमधून थेट बाहेर काढायचा नियम त्या वर्षी नव्यानेच आलेला. टॉर्की युनायटेड मध्यंतराला क्रूविरुद्ध ०-२ ने मागे. जिम मॅकनिकल या बचावपटूने एक गोल फेडला, पण आणखी एक हवा होता आणि वेळ संपत आली होती. शेवटच्या मिनिटांत मॅकनिकल बाहेर चाललेल्या चेंडूमागे मैदानाच्या कडेला धावला. कडेला हवालदाराबरोबर ब्रिन उभा. आपल्या साहेबावर कोणीतरी चालून येतंय असं त्याला वाटलं आणि त्याने कर्तव्यदक्षपणे मॅकनिकलच्या मांडीत दात रोवले. रक्त, धावपळ, मलमपट्टी. पंचांनी वाया गेलेला वेळ भरून द्यायला खेळ वाढवला आणि त्या वाढीव मिनिटांत पॉल डॉब्सनने बरोबरीचा गोल केला. टॉर्की वाचलं आणि कित्येक मैलांवर दुसऱ्याच मैदानावर खेळणारा लिंकन सिटी लीगबाहेर गेला. लिंकनचे खेळाडू, प्रशिक्षक, हंगामभराचे डावपेच, सगळं यथासांग झालं होतं. फक्त कुत्र्याची तजवीज राहिली. मॅकनिकलला सतरा टाके पडले म्हणतात. क्लबासाठी रक्त सांडणं हे शब्दशः करून दाखवणारे खेळाडू आता कुठे राहिले?

गोलरक्षकांची निष्ठाही अशीच डोळस असते. १९३७ च्या नाताळात स्टॅमफर्ड ब्रिजवर चेल्सी आणि चार्लटन यांचा सामना चालू असताना दाट धुकं उतरलं. चार्लटनचा गोलरक्षक सॅम बार्ट्रम याला समोरचं काही दिसेना, पण चेंडूही येईना. आपली पोरं तिकडे चेल्सीला घेरून बसली असणार, या विचाराने तो सुखावला आणि गोलपाशी येरझारा घालत राहिला. बऱ्याच वेळाने धुक्यातून एक आकृती पुढे आली. तो पोलीस होता. सामना रद्द होऊन पाव तास झाला, मैदानात तुम्ही एकटेच आहात, असं त्याने सांगितलं. बार्ट्रमने त्या पाव तासात एकही गोल होऊ दिला नव्हता.

हार्टलपूलची गोष्ट राजकारणात मोडते, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात किनाऱ्यावर एक फ्रेंच जहाज फुटलं आणि त्यातून एक माकड वाचलं. गावकऱ्यांनी फ्रेंच माणूस कधी पाहिला नव्हता, माकडही नव्हतं. त्यांनी त्याच्यावर हेर म्हणून खटला चालवला आणि त्याला फाशी दिली, अशी आख्यायिका आहे. दुसऱ्या कुठल्या गावाने ती दडपली असती. हार्टलपूल युनायटेडने माकडालाच क्लबाचा शुभंकर केला. सामन्याला माकडाचा पोशाख घालून नाचणारे स्टुअर्ट ड्रमंड २००२ साली शहराच्या महापौरपदासाठी उभे राहिले. जाहीरनाम्यात मुख्य आश्वासन एकच : शाळकरी मुलांना फुकट केळी. ते निवडून आले. केळी काही वाटली गेली नाहीत. लोकांनी त्यांना आणखी दोनदा निवडून दिलं. अखेर २०१२ मध्ये मतदान घेऊन शहराने थेट निवडीचं महापौरपदच बंद केलं. माकडाच्या तोडीचा दुसरा उमेदवार मिळणार नाही हे त्यांनी ओळखलं असावं.

बर्मिंगहॅम सिटीची तक्रार वास्तुदोषाची. १९०६ मध्ये बांधलेल्या सेंट अँड्र्यूज मैदानासाठी तिथल्या भटक्या रोमानी लोकांना हुसकावलं आणि त्यांनी शंभर वर्षांचा शाप दिला, असं क्लबात मानलं जातं. एका व्यवस्थापकाने क्रूस टांगून पाहिले. बॅरी फ्राय हे व्यवस्थापक कृतिशील. नव्वदच्या दशकात त्यांनी जाणकारांचा सल्ला घेतला आणि मैदानाच्या चारही कोपऱ्यांत जाऊन लघवी केली. हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे. उतारा लागू पडला म्हणायचा, कारण १९९५ मध्ये संघ वरच्या विभागात चढला. पुढच्याच वर्षी क्लबाने फ्राय यांना काढलं. शापाची शंभर वर्षं भरल्यावर क्लबाने २०११ मध्ये आर्सेनलला हरवून लीग कप जिंकला आणि त्याच हंगामात प्रीमियर लीगमधून खाली घसरला. अर्थात या बाबतीत मँचेस्टर सिटीचा विक्रम कोणाच्याने मोडवणार नाही. १९३७ चे विजेते १९३८ मध्ये खालच्या विभागात गेले, आणि तेही त्या हंगामात सगळ्यांपेक्षा जास्त, म्हणजे ८० गोल करून.

एवढ्या उज्ज्वल परंपरेत महाराष्ट्राचा वाटा काय, असं एखादा अभिमानी वाचक विचारेल. आहे ना. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५ सालचा क्लब, फुटबॉल लीगच्या संस्थापकांपैकी एक, १९९५ चा विजेता. नोव्हेंबर २०१० मध्ये तो पुण्याच्या वेंकीजने विकत घेतला. कोंबड्यांच्या धंद्यात देशात अव्वल असलेल्या समूहाने फुटबॉलमध्ये का पडावं, असा कोता प्रश्न पुणेकराने विचारू नये. महिन्याभरात सॅम अलार्डाइस या अनुभवी व्यवस्थापकाला नारळ मिळाला. ड्रेसिंग रूममध्ये सामन्याआधी खेळाडू आनंदाने चिकन खात आहेत, अशी जाहिरात निघाली. मे २०१२ मध्ये विगनविरुद्धच्या ज्या सामन्यात क्लबाचं प्रीमियर लीगमधलं स्थान गेलं, त्या सामन्यात कोणीतरी क्लबाचा झेंडा गुंडाळलेली एक कोंबडी मैदानात सोडली. ती काही वेळ गोलपाशी बिनधास्त हिंडत होती. मैदानावर त्या संध्याकाळी दडपणाखाली न खेळणारी तेवढीच. पुढच्या हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस आणि मायकेल ॲपलटन ६७ दिवस व्यवस्थापक होते. यावरून मालक धरसोड वृत्तीचे आहेत असं कोणी म्हणेल, पण क्लब मात्र त्यांनी सोडलेला नाही. इतर मालक नफा दिसला की येतात आणि आटला की जातात. मोसमामागून मोसम पदरचे पैसे घालत राहायला निराळंच काळीज लागतं.

हे सगळं मुखोद्गत असणारी माणसं इंग्लंडातल्या प्रत्येक पबमध्ये बसलेली असतात. ‘मॅकरेल’ या माशाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एकही अक्षर ज्याच्या नावात नाही असा क्लब कोणता? उत्तर : स्विंडन टाउन. रोमन मोठ्या लिपीत नाव लिहिलं तर पेन्सिलीने भरण्याजोगी एकही पोकळी सापडत नाही असा कोणता? हल सिटी. आपल्याकडेही रात्री साडेबाराला डोळे ताणून सामना पाहणारी आणि सकाळी नऊला कचेरीत हजर होणारी तरुण मंडळी ही विद्या कमवू लागली आहेत. स्पर्धा परीक्षेत तिचा उपयोग नाही, पगारवाढीत नाही, लग्नाच्या बाजारात तर नाहीच. म्हणजे ज्ञानासाठी ज्ञान. विद्यापीठांनी या वर्गाकडे आदराने पाहायला हवं.

या दीडशे वर्षांत शुद्ध, नितळ शहाणपणाचा निर्णय झालाच नाही असं मात्र नाही. एकदा झाला. विम्बल्डन क्लबाजवळ संघ होता, पण १९९१ पासून स्वतःचं मैदान नव्हतं. लंडनपासून दूर मिल्टन कीन्स या आखीवरेखीव नव्या शहरात भरपूर जागा होती, पण लीगमध्ये खेळणारा संघ नव्हता. दोन आणि दोन चार. मे २००२ मध्ये तिघांच्या समितीने स्थलांतराला परवानगी दिली. विम्बल्डनमध्येच नवा क्लब काढण्याची चाहत्यांची कल्पना फुटबॉलच्या व्यापक हिताची नाही, असं मतही तिने सुज्ञपणे नोंदवलं. चाहत्यांनी काही आठवड्यांत नवा क्लब काढला, खेळाडू निवडायला विम्बल्डनच्या माळरानावर खुल्या चाचण्या ठेवल्या आणि कुठल्यातरी जिल्हा पातळीच्या लीगमध्ये अगदी तळापासून सुरुवात केली. ना पैसा, ना मैदान, ना ठरलेले अकरा. नऊ वर्षांत एएफसी विम्बल्डन फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. शहाणा क्लब तोवर मिल्टन कीन्स डॉन्स झाला होता. ‘डॉन्स’ हे विम्बल्डनचं जुनं लाडकं टोपणनाव, तेही तो सामानाबरोबर घेऊन गेलेला.

पुढे दोन्ही संघ एकाच विभागात आले आणि एकमेकांच्या मैदानावर जाणं भाग पडलं. २०१७ मध्ये एएफसी विम्बल्डनकडे सामना होता, तेव्हा यजमानांनी पाहुण्यांचं पूर्ण नाव, ज्यात तो ‘डॉन्स’ येतो, लिहिण्याचं टाळलं. इंग्लिश फुटबॉल लीगने या गुन्ह्याची गंभीर दखल घेतली आणि क्लबावर रीतसर आरोप ठेवला. फुटबॉलच्या व्यापक हिताचा प्रश्न होता.