ऑप्शनवाल्या सरांना अनावृत पत्र

परमादरणीय सर,



अमरावतीच्या आपल्या क्लासमध्ये अकरावीच्या रसायनशास्त्रातली एककं आणि सार्थक अंक आपण अर्ध्या तासात उडवून लावलेत, त्याबद्दल आम्हा प्रयोगशाळेतल्या मास्तरांचे साष्टांग दंडवत. पर्यायात एकक छापलेलंच असतं; ते लिहायला लावणारे आम्ही केवढे मागासलेले!

आपल्या कृपेनं वऱ्हाडचं हवामानही सुधारलं. अकोल्याच्या मे महिन्यात, ४५ अंशांवर, एका वातावरण दाबाला एक मोल वायू २६ लिटर जागा घेतो अशी आमची समजूत होती. आपल्या शिष्यानं ३१८ केल्विनऐवजी सरळ ४५ घातले आणि वायू ३.७ लिटरवर आणला. ४५ केल्विन म्हणजे उणे २२८ अंश सेल्सिअस! कूलरवाल्यांना कळू देऊ नका, धंदा बसेल बिचाऱ्यांचा.

अचूकतेबद्दल तर काय बोलावं! आमच्या ब्युरेटवर ०.१ मिलीलिटरची रेघ. १०.० मिली प्रमाणित आम्लाला १०.३ मिली अल्कली लागलं, तर अल्कलीची तीव्रता काढताना आम्ही ०.०९७१ मोलरवर थांबतो. आपला विद्यार्थी ०.०९७०८७३७८६ लिहितो. रेघेला जे दिसत नाही ते कॅल्क्युलेटरला दिसतं, ही दिव्यदृष्टी आपलीच देणगी.

दशांशचिन्ह नसलं की शेवटची शून्यं सार्थक की नाहीत, हा संभ्रम फक्त पुस्तकात. आपल्या फीच्या पावतीवर प्रत्येक शून्य सार्थक!

आपल्या शिष्यांचे शेतकरी बाप मात्र अडाणीच राहिले. रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीत ऐकायचा, कापूस क्विंटलनं विकायचा. सातबारा हेक्टर-आरमध्ये, वावर एकरात, फवारणी पंपात. सगळा हिशेब पानठेल्यावर उभ्यानं, तोंडी. त्यांना चार पर्याय कोण देणार?

कॅनडात आपले कुणी गुरुबंधू असावेत. जुलै १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या विमानाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. लिटरला ०.८ किलो धरायचं, तिथे १.७७ धरलं, ते पौंड होते. निम्म्याहून कमी इंधनावर उडालेल्या विमानाची इंजिनं आकाशातच बंद पडली. वैमानिक कसबी, म्हणून सगळे वाचले. आकडा मात्र अगदी बरोबर होता हो!

परवा आपल्या एका गुणी शिष्यानं ब्युरेट वाचून सांगितलं, “बारा.” मी विचारलं, “बारा काय?” तो गोंधळला. मग अदबीनं म्हणाला, “सर, ऑप्शन सांगा ना!”

आपला कृपाभिलाषी,
एक प्रॅक्टिकलवाला मास्तर