गॅस संपला हो!

नागपूरकराला आपल्या उन्हाचा भारी अभिमान, आणि तो एसीत बसून बाळगायचा असतो. मे २०२४ मध्ये रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले, तेव्हा मी पुण्याच्या मेहुण्याला तीनदा फोन केला. मग सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्यानं सांगितलं आणि आमच्या घरात सुतक पडलं. पुन्हा २३ मे २०१३ च्या ४७.९ वर समाधान मानणं आलं.

तर यंदा ऐन नवतपात गाडीच्या एसीनं गरम वारा फेकायला सुरुवात केली. निदान मीच केलं. गॅस संपला. दरवर्षीच संपतो. एप्रिल लागला की कूलरला नवा वाळा आणि गाडीला नवा गॅस, हा आमचा कुळाचार. भरून देणाराही सज्जन माणूस. 'हा गॅस जातो कुठं?' असला आगाऊ प्रश्न विचारून त्यानं तीन वर्षांत कधी माझा अपमान केला नाही.

नेमकं त्याचं दुकान बंद होतं. शेजारच्या गॅरेजमधल्या पोरानं बोनेट उघडलं, बॅटरी मारली, बंपरमागच्या जाळीवरून बोट फिरवलं आणि ते काळं, तेलकट बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"काका, कंडेन्सर लीक आहे नं तुमचा."

"तू गॅस भर रे."

"गॅस काय पेट्रोल आहे का जी, जळून जायला? बंद पाइपात फिरून राहते ते. कमी झाला म्हणजे भोक आहे."

तीन वर्षं मी भोकात पैसे ओतत होतो. त्याहून वाईट म्हणजे हा आर-१३४ए गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता अडवतो म्हणे. म्हणजे ज्या उन्हाच्या गप्पा मी मारतो, त्यात माझीही रीतसर वर्गणी होती!

कंडेन्सर बसतो रेडिएटरच्याही पुढे, अगदी तोंडावर. समोरच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेली गिट्टी आधी त्यालाच लागते, आणि खोदलेल्या रस्त्यांच्या या शहरात गिट्टीला काय तोटा! "वेल्डिंग मारून दे," मी म्हटलं. पोरगा हसला. ॲल्युमिनियमच्या त्या पातळ नळ्या दाबाखाली टिकणार नाहीत म्हणाला. मग नवा कंडेन्सर आला, सोबत ड्रायर आणि ओ-रिंगा. शिवाय पाइपातली हवा आणि ओल ओढून काढायला अर्धा तास व्हॅक्यूम. हवा भरायचे पैसे मी देतो. काढायचे पहिल्यांदाच दिले.

संध्याकाळी व्हेरायटी चौकात मी चक्क कुडकुडत होतो. गाडीतली सगळी गरमी बाहेर टाकणं हेच कंडेन्सरचं काम, आणि नवा कामाला चोख निघाला. शेजारच्या स्कूटीवर तोंडाला दुपट्टा बांधलेली मुलगी माझ्या बोनेटकडे ज्या नजरेनं बघत होती, ती पाहून मी काच थोडी आणखी वर केली.

आपणही गॅस भरायला निघाला असाल, तर आधी बंपरमागच्या जाळीवर तेलाचा डाग आहे का, तेवढं बघा. बोट मात्र मेकॅनिकचं वापरा. बोनेट तापलेलं असतं.